पांढरीची वही

मराठवाड्यात वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाचे रान ती काळी. शेकडो वर्षांच्या पडक्या भिंती, चुलीची राख, शेणमाती साचत गेली की जमीन पांढुरकी होते. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या चौसाळ्यासारख्या गावी कुणाला जुने काही शोधायचे असेल, तर पहिली खूण ही मातीच देते. मोठा पाऊस झाला की अशा पांढरीवर खापरे, मणी, क्वचित एखादे नाणे उघडे पडते. ते उचलून खिशात टाकायला कितीसा वेळ लागतो? पण ते कुठे पडले होते, शेजारी काय होते, हे लिहून ठेवले नाही तर त्याची निम्मी कहाणी तिथेच मातीत राहते.

प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली हेच झाले. झुडपाचे मूळ खणताना एका ग्रामस्थाला काशाच्या चार वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून जास्त. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातले हे वैभवच! मात्र ते मातीच्या नेमक्या कुठल्या थरातले, हे बाहेर काढताना नोंदले गेले नव्हते. पुढे तिथे रीतसर उत्खनन झाले, तरी त्या चार वस्तूंच्या काळाविषयी अभ्यासकांचा वाद उरलाच.

म्हणून शोधकाची वही मेटल डिटेक्टरच्या यंत्राआधी उघडावी लागते. तिची पहिली पाने घरी बसूनच भरतात. कागदोपत्री ‘बेचिराग’ म्हणजे ओसाड ठरलेली गावे, निजामाच्या राजवटीतले उर्दू कागद, मोडीतली दप्तरे, खासरा पत्रक, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेली रानांची नावे. एखाद्या कोरड्या माळाला लोक ‘बाजारतळ’ का म्हणतात, हे विचारले तर कधी कधी एक हरवलेली वाट हाती लागते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले ‘तगर’. ही ओळख जुना मजकूर आणि जागा शेजारी ठेवून वाचल्यामुळेच पटली. तिथल्या वस्तू जिवापाड जमवणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आज तेरमध्ये आहे.

शिवारातली नोंद साधी असते. तारीख, गट नंबर, बांधापासून किती पावले, किती वीत खोल, माती पांढरी की काळी, सोबत खापर की कोळसा. मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश आणि जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. काहीच सापडले नाही तेही लिहावे, म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा उकरली जात नाही.

कायदाही हेच मागतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. ते लपवणे हा गुन्हा आहे. पुरातन जागी परवान्याशिवाय खोदकाम तर नकोच. गुप्तधनाच्या नावाखाली मांत्रिकाला बोलावून जिवावर उठणारे अघोरी प्रकार 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षेस पात्र आहेत. माणसाच्या जिवापुढे कुठल्या हंड्याची किंमत?

वेळीच कळवले तर काय हाती लागते, ते इंग्लंडमध्ये दिसले. हॉक्सन गावी 1992 साली एरिक लॉज मित्राचा हरवलेला हातोडा मेटल डिटेक्टरने शोधत होते. रोमन काळातली नाणी हाती येऊ लागली, तेव्हा त्यांनी सगळे उकरून काढले नाही, थांबून कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी प्रत्येक वस्तूची जागा नोंदत ठेवा बाहेर काढला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी आणि दागिने. लाकडी पेटी केव्हाच कुजून गेली होती, तरी बिजागऱ्या कुठे पडल्या होत्या यावरून तिचा आकार कळला. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.