कॅलेंडरची पाठ

जानेवारी उजाडला की खिळ्यावर नवं कॅलेंडर चढतं आणि जुनं रद्दीच्या गठ्ठ्यावर जाऊन पडतं. त्याआधी त्याची बारा पानं एकदा निवांत चाळावीत. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या, बाळाच्या लशीचा दिवस... वर्षभराचं घर त्या चौकटींत पेनाने टिपलेलं असतं. हवं ते वहीत उतरवून घ्यावं, मग कात्री हातात घ्यावी.

कॅलेंडरचा काय उपयोग होईल, हे त्याची पाठ सांगते. दुकानदार किंवा बँक देते त्या चित्रांच्या कॅलेंडरची पाठ बहुधा कोरी असते. कागद जाड, गुळगुळीत, पटकन न फाटणारा. पुस्तकांना कव्हर घालायला तो उत्तम. चित्र आत, पांढरी बाजू बाहेर, वर नाव आणि इयत्ता. घरी शिवणकाम करणाऱ्या बायका ब्लाउजची बाही, गळा, पाठ या कागदावर आखून कापून ठेवतात. वर्तमानपत्राचा नमुना चार वापरांत कडेने फाटतो, हा वर्षानुवर्षं टिकतो. फडताळात अंथरायलाही तो चांगला, कारण ओल्या फडक्याने पुसता येतो.

खाण्याच्या पदार्थांना मात्र तो लावू नये. छापील शाई अन्नात उतरण्याचा धोका असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८च्या नियमांत खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली, तीही याच कारणाने. तेलकट भजी कॅलेंडरच्या पानावर निथळत ठेवणंही तितकंच चुकीचं.

दोन्ही बाजूंनी छापलेल्या कॅलेंडरची गोष्ट वेगळी. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि कॅलेंडरचं मागचं पानही वाचायचं असतं, ही सवय मराठी घरांना लागली. पाककृती, आरोग्य, लेख असं बरंच काही तिथे असतं. ही पानं कापून वहीत चिकटवली की काही वर्षांत घरचं पाककृतींचं पुस्तक तयार होतं, आणि त्यात आईने समासात लिहिलेलं ‘साखर कमी’सुद्धा राहतं. उरलेल्या साध्या, न चकाकणाऱ्या कागदाचा लगदा करावा. भिजवलेल्या मेथीच्या वाटणात तो मळून पालथ्या घमेल्यावर थापायचा, वाळला की टोपली. गुळगुळीत कागद इथे कामाचा नाही. त्याच्यावर खनिज भुकटीचा लेप असतो, त्यामुळे लगदा नीट बांधत नाही.

देवादिकांची चित्रं टाकवत नाहीत, आणि ती टाकूही नयेत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, तेव्हापासून छापील लक्ष्मी-सरस्वती सामान्य घरांच्या भिंतीवर आल्या. कित्येक घरांत त्या चित्रांवर खरी जर, टिकल्या, मणी लावून देवीला नेसवलं-सजवलं जाई. आज तशी चित्रं संग्राहक शोधत फिरतात. रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेली देवदेवतांची कॅलेंडरंही अशीच फ्रेममध्ये जाऊन बसली. घरात एखादं जुनं पान सापडलं, तर ते कापण्याआधी कोपऱ्यातली चित्रकाराची सही जरूर पाहावी.

काही जण जुनं कॅलेंडर पुन्हा खिळ्यावरच लावतात. साधं वर्ष बावन्न आठवडे आणि एक दिवसाचं, लीप वर्षात आणखी एक दिवस. म्हणून काही वर्षांनी वार पुन्हा जुळतात. २०१५चं कॅलेंडर २०२६ला तंतोतंत चालतं. सण मात्र त्यावरून पाहू नयेत, तिथी चंद्राच्या गतीने चालतात. त्यांची गाठ साधारण एकोणीस वर्षांनी पडते. गुढीपाडवा २००६मध्ये ३० मार्चला होता आणि २०२५मध्येही. गणेश चतुर्थी दोन्ही वर्षी २७ ऑगस्टला. वार तेवढे वेगळे.

सगळ्यांत मोलाचा उपयोग घराबाहेरचा आहे. ब्रेल लिहिताना कागद पाटीत अडकवून टोकदार स्टायलसने टोचायचा असतो. पातळ वहीचा कागद त्यात फाटतो किंवा ठिपका दबून जातो. टेबल कॅलेंडरच्या जाड पानावर ठिपका ठसठशीत उठतो. लिहायचं उजवीकडून डावीकडे, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असलं तरी बिघडत नाही, बोटांना शाई लागत नाही, फक्त उंचवटा लागतो. म्हणून अंध विद्यार्थ्यांसोबत काम करणाऱ्या अनेक संस्था जानेवारीत जुनी कॅलेंडरं गोळा करतात. देण्याआधी जवळच्या अंधशाळेत विचारून घ्यावं, तारेची स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी काढावी आणि पानं न दुमडता द्यावीत. घडी पडलेल्या जागी बोट अडखळतं.