दुरडीतली वरची भाकरी

लहानपणीच्या मायेच्या जेवणाचा विषय निघाला की बहुतेकांना गरम काहीतरी आठवतं. कुणाला तूप सोडलेला मऊ भात, कुणाला तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी. मला आठवते ती गार भाकरी. ज्वारीची, रात्रीची, फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेली. दुरडी शिंक्यावर असायची. सकाळी आई-दादा रानात गेलेले असायचे. मी पाट उभा करून त्यावर चढायची आणि दुरडी खाली घ्यायची. भाकरीवर शेंगांची चटणी, चटणीत बोटाने खळगा, खळग्यात तेल. तेवढं खाऊन मी शाळेला जायची.

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. तिथली जमीन काळी, खोल आणि चिवट. पावसाळ्यात ती मोकळी ठेवतात, पाणी पिऊ देतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरली की पुढे पाऊस आला नाही तरी ती जमिनीतल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला येते. मालदांडी हे त्या ज्वारीचं नाव. दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकणारा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पुण्यात होते. बातमी वाचून पहिल्यांदा आठवला तो खळ्यातल्या राशीचा वास.

शिळी भाकरी चांगली लागायची असेल तर ती मुळात चांगली झालेली असावी लागते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. ग्लुटेनमुळे कणीक ताणली जाते. ज्वारीचं पीठ ताणायला गेलं की तुटतं, म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. आई काठवटीत एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्यायची आणि तळहाताच्या टाचेने रेटून रेटून मळायची. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम भिजवून ठेवलेलं तिला चालत नसे. दळण चार-पाच दिवसांपुरतंच. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि थापताना कडेला चिरा पडतात. मग उकळतं पाणी घालायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम थोडंफार तोच करतो. आईला स्टार्च हा शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची, "पाणी किती ते हाताला कळतंय, डोळ्याला न्हाई कळत."

थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच ओला हात फिरवायचा. मला लहानपणी वाटायचं की हे पाणी भाकरी करपू नये म्हणून असेल. खरं कारण वेगळं आहे. वरचं कोरडं पीठ पाण्याने भिजतं, शिजतं आणि त्याचा पातळ, अखंड पापुद्रा होतो. पुढे भाकरी चुलीतल्या आरापुढे उभी केली की आतली वाफ त्या पापुद्र्याखाली कोंडते आणि भाकरी टम्म फुगते. पाणी फिरवायला उशीर झाला की वर भेगा पडतात, वाफ निसटून जाते. आमच्या घरात पापुद्र्यावरून भांडणं व्हायची. धाकट्या भावाला नेहमी तोच हवा असायचा आणि खालचा जाड पदर माझ्या वाट्याला यायचा. मला तोच आवडायचा, पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

भाकरी गार झाली की तिचं खाणं बदलतं. आजी शिळी भाकरी ताकात कुस्करायची आणि वर मीठ, कच्चा कांदा घ्यायची. दादांना ती कांदा, हळद, शेंगदाणे घालून फोडणी दिलेली आवडायची. दोन दिवसांची असेल तर आई ती चुलीच्या कडेला उभी करून पार वाळवायची. अशी कडक भाकरी टिकते, प्रवासात चालते. आज सोलापुरात बायका घराघरांतून, बचत गटांतून ती करतात आणि पाकिटांतून ती कुठच्या कुठे जाते. दुकानात ते पाकीट दिसलं की मी पुढे जाऊच शकत नाही.

पण माझा जीव अडकला आहे तो कुटक्यांत. आमच्या भागात तांदूळ पिकत नाही, त्यामुळे भात सणाला किंवा पाहुण्याला. तापातून उठलेल्या पोराला मऊ भात देण्याची सोय आमच्या घरात नव्हती. त्या दिवशी आई शिळ्या भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, म्हणजेच कुटके, करायची. पातेल्यात लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी आणि दोन चमचे येसर. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून वर्षभरासाठी केलेलं पीठ. उकळी फुटली की त्याची पातळ, दाट वासाची आमटी होते. तीत तुकडे सोडायचे आणि मंद आचेवर ठेवायचे. ताज्या भाकरीचा इथे लगदा होतो. शिळी मात्र आमटी पिऊन घेते, कडेने मऊ होते आणि मध्ये जरा दाताला लागते. असं का होतं हे मला फार उशिरा समजलं. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो आणि सहज विरघळत नाही. त्यातला काही भाग पचायलाही वेळ घेतो, म्हणून शिळी भाकरी खाल्ली की भूक लांबते. दिवसभर रानात राबणाऱ्यांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

ही शिळी भाकरी उरायची कशी, ते सांगायला हवं. आमच्याकडे सुबत्ता नव्हती. तरी आई रात्री माणसं मोजून भाकऱ्या करायची आणि मोजणी झाल्यावर आणखी एक थापायची. तिला वरची भाकरी म्हणायचे. ती येणाऱ्या-जाणाऱ्याची. पंढरपूर जवळ, त्यामुळे वाटेने वारकरी जायचे. कधी मेंढरं घेऊन निघालेलं कुणी, कधी चुकलेला वाटसरू. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांना उघडून दिलं. आजी कुरकुरली की आई तेच म्हणायची, "दामाजीच्या गावाशेजारी राहून माणूस उपाशी धाडायचा व्हय?" रात्री कुणी आलं नाही तर ती भाकरी सकाळी माझी. मी अंथरुणात पडून दाराच्या कडीकडे कान लावायची आणि आज कुणी येऊ नये असं विठोबाला विनवायची. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

1972 साली मी आठ वर्षांची होते. पावसाने तोंड फिरवलं. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. जनावरं दावणीवरून गेली. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पोरांना सुकडी, म्हणजे वाटपाचा कोरडा खाऊ, मिळायची, ती मी भावासाठी फ्रॉकच्या ओच्यात आणायची. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडायची आणि सकाळपर्यंत खापरीसारखी व्हायची. आईने त्या पिठाशी किती झगडा केला ते मी चुलीसमोर बसून पाहिलं. उकळतं पाणी घातलं, लहान थापली, जाड थापली. पण मला त्या वर्षातलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. आई माणसं मोजायची, तेवढ्या भाकऱ्या करायची आणि काठवट उपडी करायची. शिंकं रिकामं असायचं. मी सकाळी पाट उभा करणंही सोडून दिलं होतं. त्या वर्षी रात्री कडी वाजली की आई स्वतःच्या ताटातली अर्धी उचलून द्यायची.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि ज्वारी पुण्यातल्या मोठ्या दुकानांत मानाच्या फळीवर जाऊन बसली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्वारीला भाव मिळाला तर आमच्याकडची माणसं उसाच्या मागे कमी धावतील. फक्त, ती खाणाऱ्यांनी गरमच संपवू नये एवढं वाटतं. एखादी सकाळसाठी ठेवावी.

त्या दुष्काळानंतर 1973 चा पावसाळा चांगला झाला. रान पुन्हा पेरलं गेलं आणि पुढच्या फेब्रुवारीत मालदांडीची रास घरात आली. पहिलं दळण झालं त्या रात्री आईने सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली, आणि काठवट उपडी करण्याऐवजी पुन्हा पिठाच्या डब्यात हात घातला. आजी काही बोलली नाही. तव्यावर भाकरी पडली, पाण्याचा हात फिरला, आरापुढे ती फुगली. आईने ती फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली आणि दुरडी शिंक्यावर चढवली.

मी कडीकडे कान लावून जागी राहिले.