सुट्टीवर आलेल्या वैमानिकाचा ताप

जुहूहून मुंबई हायच्या दिशेने जाणारी हेलिकॉप्टर मुंबईकरांना नवी नाहीत. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे पोहोचवण्याचे हेच काम पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः नायजेरियाच्या किनाऱ्यावर, मोठ्या प्रमाणावर चालते आणि त्यासाठी बाहेरच्या देशांतूनही वैमानिक जातात. नोकरी पाळीची असते. चार ते सहा आठवडे तिकडे आणि साधारण तेवढेच घरी. शेजाऱ्यांना वाटते, काय मजा आहे! वैद्यकीयदृष्ट्या मात्र घरचे हे आठवडे सर्वाधिक सांभाळायचे असतात.

पहिला प्रश्न हिवतापाचा. पश्चिम आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीवघेणा ठरू शकणारा. डास चावल्यानंतर ताप यायला साधारण एक ते चार आठवडे लागतात. म्हणजे डास चावतो तिकडे आणि ताप भरतो घरी, बहुधा सुट्टीच्या ऐन मध्यात. घरचे म्हणतात, 'हवा बदलली, व्हायरल असेल.' पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस काढले जातात. फाल्सिपेरमच्या बाबतीत तेवढ्या वेळात मेंदू, मूत्रपिंड किंवा फुफ्फुसांपर्यंत गुंतागुंत पोहोचू शकते.

'आम्ही डासांच्या देशातच वाढलो' हा विश्वासही फसवा आहे. मलेरियाविरुद्धची अंशतः प्रतिकारशक्ती वारंवार लागण झाल्यानेच येते आणि टिकते. शहरात वाढलेल्या भारतीयाकडे ती नसते.

प्रतिबंधक गोळ्यांची चूक नेमकी इथेच होते. विमानातून उतरले की गोळ्या कपाटात जातात. परंतु डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, तर अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस चालू ठेवावे लागते. मेफ्लोक्विन हे औषध वैमानिकांना चालत नाही. त्याने चक्कर, भयानक स्वप्ने, गोंधळलेपणा येऊ शकतो.

दुसरे दुखणे पाठीचे. हेलिकॉप्टर चालवताना उजवा हात समोरच्या दांड्यावर, डावा हात शेजारच्या खालच्या दांड्यावर आणि दोन्ही पाय पेडलवर असतात. शरीर किंचित पुढे व डावीकडे झुकते. त्यात तासन् तास यंत्राची थरथर. पाहणीगणिक आकडे बदलतात, पण निम्म्याहून अधिक वैमानिक पाठदुखी सांगतात. सुट्टीत गादीवर पडून राहण्याने ती बरी होत नाही. रोजचे चालणे, पोहणे, पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचा व्यायाम यांचा उपयोग होतो.

तिसरी झोप. नायजेरिया आणि भारत यांच्यात साडेचार तासांचा फरक आहे. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते आणि पूर्वेकडे येताना ते अधिक कुरकुरते. त्यामुळे पहिले चार-पाच दिवस रात्री झोप नाही आणि सकाळी चिडचिड, हे स्वभावाचे नव्हे, घड्याळाचे लक्षण असते. सकाळचे ऊन आणि ठरलेल्या वेळी उठणे हा त्यावरचा साधा इलाज.

या सगळ्यांवर सावली असते ती वैद्यकीय तपासणीची. व्यावसायिक वैमानिकाला ती साधारण दरवर्षी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. त्यात नापास म्हणजे उड्डाण बंद, पगारही धोक्यात. या भीतीने दुखणे लपवले जाते, दुकानातून परस्पर गोळ्या आणल्या जातात. सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते, हे विसरले जाते. लपवलेल्या आजाराची किंमत मात्र मागे बसलेले प्रवासीही मोजू शकतात. उलट वेळेवर दाखवलेल्या बऱ्याच आजारांत उपचारानंतर पुन्हा उडता येते.

म्हणून घरच्यांनी एक लक्षात ठेवावे. आफ्रिकेतून परतलेल्या माणसाला ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे ते प्रवासाचे. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा करावी, निदान तीनदा. हेलिकॉप्टरचा वैमानिक असो वा तेलविहिरीवरचा वेल्डर, नियम दोघांना एकच.