ओल्या वर्षाची आग

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतल्या पाइनच्या जंगलांत १७४८ साली इतक्या ठिकाणी वणवे लागले, की त्या वर्षाचे व्रण एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या झाडांतही सापडतात. ही नोंद ठेवली ती झाडांनीच. पाँडेरोसा पाइनची साल जाड. गवताची आग बुंध्याशी येऊन गेली तरी थोरलं झाड मरत नाही. एका अंगाला चटका बसतो आणि मग नवं लाकूड त्या जखमेवर कडेकडेनं वळत जातं. बुंध्याचा काप घेऊन वलयं मोजली की आगीचं वर्ष कळतं. व्रण वलयाच्या फिक्या भागात आहे की गडद, यावरून हंगामसुद्धा.

हे वलयशास्त्र उभं केलं अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं, तेही सूर्यावरच्या डागांचं चक्र शोधता शोधता. हाती लागला पावसाचा जमाखर्च: ओल्या वर्षी रुंद वलय, कोरड्या वर्षी केसासारखं बारीक. १९३७ साली त्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉनला त्यासाठी प्रयोगशाळाच काढली.

पाऊस आणि आग, दोन्ही खाती शेजारी ठेवली तेव्हा गंमत कळली. १७४८ कोरडं होतं, यात नवल नाही. पण १७४७ चांगलंच ओलं होतं. विरळ जंगलात आग चालते ती गवतावर आणि गळलेल्या सुयांसारख्या पानांवर. एका वर्षी गवत माजतं, पुढच्या वर्षी पाऊस दडी मारतो, आणि जूनमध्ये वीज पडली की भडका. म्हणजे वणव्याची पेरणी पावसातच होते. ज्या एल निनोच्या नुसत्या नावानं मराठवाड्याच्या पोटात गोळा येतो, तो तिकडे बहुधा हिवाळ्यातला पाऊस वाढवतो!

अशी आग दर काही वर्षांनी येऊन खालची रोपं साफ करायची. १८८० च्या सुमारास मात्र हे व्रण जवळजवळ थांबतात. रेल्वे आली, तिच्यामागून गुरामेंढ्यांचे कळप आले, त्यांनी गवत फस्त केलं. आगीला वाटच उरली नाही. पुढे १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात सुमारे १२ लाख हेक्टर जळालं आणि वनखात्यानं आगीशी वैरच धरलं. १९३५ पासून १९७० च्या दशकापर्यंत नियम असा होता, की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे.

मधल्या काळात १९१९ साल येऊन गेलं होतं. आदल्या वर्षी बी उदंड धरलेलं, त्यात वसंतात ओल टिकली. एरवी उन्हाळ्यात करपणारी रोपं ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या परिसरात दाटीवाटीनं जगली. पूर्वी त्यांची विरळणी आगीनं केली असती. आता करणारं कुणी नव्हतं. पाण्यासाठी एकमेकांशी झोंबणारी ही झाडं शंभरीला टेकली तरी काही मांडीएवढीच राहिली. त्यांच्या फांद्या म्हणजे आगीला शेंड्यापर्यंत नेणारी शिडी, आणि शेंड्यावर चढलेल्या आगीपुढे जाड सालीचं काही चालत नाही. २००२ च्या रोडिओ-चेडिस्की वणव्यात सुमारे १.९ लाख हेक्टर जळालं, २०११ च्या वॉलोत त्याहून जास्त. जिथं बियांची झाडंच उरली नाहीत, तिथं तापत्या, कोरड्या हवेत पाइन पुन्हा रुजत नाही. ओकची झुडपं जागा धरतात.

आता फ्लॅगस्टाफभोवती ही दाटी तोडून काढतात. आणि शरदाच्या गारव्यात वनखात्याचीच माणसं पेटतं तेल ठिबकवत गवताला आग लावत चालतात. गावात धूर येतो म्हणून लोक कुरकुरतात, ते वेगळं.