यंत्राचा दुभाषी : जॉन बॅकस

गणकयंत्राला मनुष्याची भाषा कळत नाहीं. दोन संख्यांची बेरीज करावयाची तरी अमुक घरांतील आंकडा उचल, तमुक घरांतील त्यांत मिळव, उत्तर तिसऱ्या घरांत ठेव, अशी एकेक आज्ञा पूर्वीं सांकेतिक आंकड्यांत लिहून द्यावी लागे. एक आंकडा चुकला कीं सारें मुसळ केरांत! या हमालींतून शास्त्रज्ञांची सुटका करणारा जॉन बॅकस विद्यार्थिदशेंत मात्र अगदींच बेताचा होता.

त्याचा जन्म १९२४ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें झाला. वर्गांत हजेरी नाहीं म्हणून व्हर्जिनिया विद्यापीठानें त्याला काढून टाकलें. पुढें रेडिओ-दुरुस्तीच्या शाळेंत एका शिक्षकानें त्याच्याकडून कांहीं आलेखांचें गणित करून घेतलें, आणि तेथें त्याला गणिताची गोडी लागली. शिक्षकाच्या हातून एवढें झालें तरी पुष्कळ! कोलंबिया विद्यापीठांत गणित शिकून १९५० सालीं तो आय. बी. एम. कंपनींत शिरला.

संकेतलेखनाचा त्याला मनस्वी कंटाळा. आपलें पुष्कळसें काम आळसांतून जन्मलें, असें तो स्वतःच सांगे. १९५३ च्या अखेरीस त्यानें वरिष्ठांस सुचविलें कीं, शास्त्रज्ञानें आपलें सूत्र बीजगणितांतल्यासारखें लिहावें, आणि त्याचें संकेतांत भाषांतर यंत्रानेंच करावें. जाणत्यांना हें पटेना. यंत्राचें भाषांतर ओबडधोबड होणार, आणि यंत्राचा वेळ तर फार महाग! तेव्हां कुशल माणसाच्या तोडीचे संकेत यंत्राकडून काढून घेण्याचा विडाच बॅकसच्या मंडळीनें उचलला. सहा महिने, सहा महिने म्हणतां तीन वर्षें गेलीं, आणि १९५७ सालीं ‘फोर्ट्रान’ ही भाषा बाहेर पडली. हवामानाच्या मोठ्या गणितांत ती आजहि चालते.

१९५९ सालीं त्यानें अशा भाषांचें व्याकरण मांडण्याची रीत काढली. पीटर नौर यानें ती सुधारली. ‘संख्या म्हणजे एक अंक, किंवा संख्येपुढें आणखी एक अंक’, एवढ्या एका नियमांत वाटेल तेवढी मोठी संख्या बसते. अशा धाटणीची नियमरचना पाणिनीनें फार पूर्वींच केली होती. म्हणून या रीतीस त्याचेंहि नांव द्यावें, अशी सूचना १९६७ सालीं पीटर इंगरमन यानें केली.

१९७७ सालीं बॅकसला ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. त्या प्रसंगीं स्वतःच्या कीर्तीचे गोडवे गाण्याऐवजीं त्यानें आपल्याच अपत्याचे दोष काढले. यंत्राची स्मृति आणि त्याचें गणिती अंग यांमध्यें एक अरुंद वाट असते, तींतून एका वेळीं एकच शब्द जातो. आणि फोर्ट्रानसारख्या भाषांनीं माणसाला त्या वाटेवरच्या ये-जा पुरताच विचार करावयास लावलें, हा त्याचा आक्षेप. फलनांस फलनें जोडून सबंध गणित रचावें, असा पर्याय त्यानें पुढें ठेवला. त्याची ती नवी भाषा रूढ झाली नाहीं, पण त्या वाटेनें जाणारे पुढें अनेक निघाले. १९९१ सालीं तो निवृत्त झाला व २००७ सालीं ओरेगॉन राज्यांत ॲशलंड येथें वारला.