इंजिन लावलेली सायकल : कायद्याच्या हिशेबात ती कोण?

आमच्या मालेगावात सायकल अजून कामावर आहे. सुताचे कोन, बॉबिनच्या गोण्या, कापडाचे तागे आजही कॅरिअरवर बांधून गल्लीबोळांतून फिरतात. अलीकडे मात्र या सायकलींना इंजिने बसू लागली आहेत. कुणी चिनी बनावटीचे पेट्रोल इंजिनाचे किट मागवतो, कुणी गवत कापायच्या यंत्राचे जुने इंजिन जोडतो, कुणी मागच्या चाकात विजेची मोटर घालून घेतो. आमचे कारागीर हुशार, एका दुपारीत काम फत्ते करतात. देणारा आणि घेणारा दोघेही एकच सांगतात, "पायडल आहे ना, मग ती सायकलच. पासिंग नको, लायसन्स नको, विमा नको."

आम्हीही हे खरे मानले होते. पेढीच्या पैशाने एका सायकलीला असे किट लावून घेतले आणि कामावरच्या पोराच्या हाती दिली. वळणावर एका म्हाताऱ्या बाईंना धक्का लागला, त्यांचे मनगट मोडले. दवाखान्याचा सारा खर्च आम्ही दिला, तो द्यायलाच हवा होता. पण पोलीस चौकीत गाडीचे कागद मागितले तेव्हा आमच्या हाती किटच्या पावतीशिवाय काही नव्हते. किट विकणाऱ्या दुकानदाराने हात वर केले. आम्ही कापडाचे व्यापारी, वकील नव्हे. पण मामला अंगावर आला तेव्हा कायद्याचे पुस्तक उघडावे लागले. जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. त्याच्या कलम २ (२८) मध्ये "मोटार वाहन" कशाला म्हणावे याची व्याख्या आहे. यंत्राच्या जोरावर रस्त्यावर चालणारे प्रत्येक वाहन तिच्यात येते. सूट फार थोड्यांना, आणि आपल्या कामाची सूट एकच : चारपेक्षा कमी चाके असलेले आणि २५ सीसीपेक्षा मोठे इंजिन नसलेले वाहन. मूळ कायद्यात हा आकडा ३५ सीसी होता, १९९४ च्या दुरुस्तीने तो २५ वर आणला. या व्याख्येत पायडलचा शब्दही नाही. पायडल असो वा नसो, इंजिन २५ सीसीच्या वर गेले की ती सायकल राहिली नाही. तिला नोंदणी, चालवणाऱ्याला लायसन्स आणि हेल्मेट, गाडीला निदान तिसऱ्या पक्षाचा विमा, हे सारे लागू झाले.

मग बाजारात "४९ सीसीपर्यंत माफ" हे कुठून आले? आमच्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. एक, अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत ५० सीसीच्या आतल्या मोटरच्या सायकलीसाठी वेगळा, हलका वर्ग आहे, आणि किटांचा मोठा खप तिकडे असल्याने माहिती तिकडची छापून येते. दुसरी, आपल्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये ५० सीसीचा उल्लेख आहे. पण तो वयाबाबत आहे. ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळा वर्षे पुरी झाल्यावर चालवता येते, त्यावरची अठरानंतर. लायसन्स दोन्हीकडे लागतेच.

किटवर छापलेला आकडाही डोळे झाकून मानू नये. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल सेंटिमीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले ०.७८५४, गुणिले चाल, इतका साधा हिशेब आहे. "८० सीसी" म्हणून विकले जाणारे नेहमीचे किट ४७ मिलिमीटर व्यासाचे आणि ३८ मिलिमीटर चालीचे असते. हिशेब येतो जेमतेम ६६ सीसी. म्हणजे गिऱ्हाईक मालातही फसले आणि कायद्यातही.

कुणी म्हणेल, ठीक आहे, नोंदणी करून घेऊ. खरी अडचण इथेच आहे. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली लुना आणली, तिलाही पायडल होते आणि इंजिन ५० सीसीचे. लुना असो की आजची टीव्हीएस एक्सएल, मोपेड कारखान्यातून मंजुरी घेऊन बाहेर पडते. विक्रीचा दाखला नमुना २१ मध्ये आणि रस्त्यायोग्यतेचा दाखला नमुना २२ मध्ये मिळतो, त्यावर आरटीओ नंबर देते. सरकारच्या "वाहन" संगणकात मोपेडचा वर्ग आहे, तसा २५ सीसीवरच्या मोटराइज्ड सायकलीचाही आहे. पण घरी जोडलेल्या किटला हे दोन्ही दाखले देणार कोण? वर्ग आहे, पण त्यात शिरायचा दरवाजा आपल्यासाठी बंद आहे. नंबर नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून अपघाताची भरपाई मालकाच्या खिशातून. सायकल पेढीची असेल तर मालक म्हणजे शेठ. चालवणारा अठराच्या आतला निघाला तर २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १९९ अ पाहावे : पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड.

२५ सीसीच्या आतले इंजिन या व्याख्येबाहेर राहते, हे खरे. पण कुणाला धडक दिली तर निष्काळजीपणाचा गुन्हा सायकलस्वारावरही लागतो.

विजेच्या सायकलीचा कायदा निराळा. तिथे सीसी नाही, वॅट मोजतात. केंद्रीय मोटार वाहन नियम २ (यू) प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक धड, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, एवढे असेल तर ती मोटार वाहन नव्हे. मात्र हे सारे नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेले हवे. पुण्याची एआरएआय ही त्यांतलीच एक. दुकानदाराच्या तोंडी शब्दाला इथे किंमत नाही. जुन्या सायकलीत ५०० वॅटची मोटर घातली, किंवा मान्य गाडीची तार कापून वेग चाळीसवर नेला, की सूट संपली. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्याने अशाच फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीम काढली होती.

आमच्या पेढीवर आता एक जुनी मोपेड आहे, नावावर चढवलेली, विमा भरलेली. किटचे इंजिन काढून सायकल पुन्हा सायकल केली. विजेची सायकल घेण्याचा विचार आहे, म्हणून परवा दुकानात गेलो आणि चाचणी संस्थेचा दाखला मागितला, त्याच मॉडेलच्या नावाचा. दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचा कागद पुढे केला. आम्ही चहा पिऊन परत आलो.