पहिला हप्ता कधी येतो?

संशोधनाचं अर्थकारण : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण दिल्लीहून येणाऱ्या पैशांचा विचार केला. २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आणि त्यासाठी पाच वर्षांकरता आखलेले ५० हजार कोटी रुपये. तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती यातलं थेट काय लागतं? फारच थोडं. तिथे प्रस्ताव टिकवायचा तर आधी केलेलं काम दाखवावं लागतं, आणि ते पहिलं काम करायलाच पैसा नसतो. ही कोंडी फोडायला विद्यापीठाची स्वतःची छोटी योजना लागते. कुठे तिला बीजभांडवल म्हणतात, कुठे लघुसंशोधन प्रकल्प. आपल्याकडच्या जुन्या प्राध्यापकांच्या तोंडी अजूनही ‘बीसीयूडीची ग्रँट’ हाच शब्द आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ते महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ गेलं, संशोधन मंडळ आलं, पण नाव जिभेवरून जात नाही.

पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघुप्रकल्प होते. आयोगाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय कार्यालयातून मंजुरीचं पत्र आलं की महाविद्यालयात पेढे वाटले जायचे. २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली आणि तो झराही आटला. त्यामुळे विद्यापीठांतर्गत अनुदान आज पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं झालं आहे. नॅकच्या मूल्यांकनातही संस्थेने शिक्षकांना किती बीजभांडवल दिलं, किती जणांना परिषदांसाठी आर्थिक साहाय्य केलं, हे विचारलं जातं. रक्कम दाखवता येते. पण ती कोणत्या तारखेला हातात पडली, हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरतं.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या परिसरातल्या विहिरींच्या पाण्याची कठीणता वर्षभर मोजायची, असा साधा प्रस्ताव मी केला होता. पावसाआधी, पावसानंतर आणि हिवाळ्यात नमुने घ्यायचे, एवढंच. प्रस्ताव जुलैत दिला. मुलाखत ऑक्टोबरात झाली, मंजुरीचं पत्र डिसेंबरात आलं. साठ हजार मंजूर झाले, त्यातला तीस हजारांचा पहिला हप्ता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाला आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं होतं. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, प्राचार्यांची सही घ्यायची, माल आला की डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करायची. हे सगळं दीड महिन्यात. पावसाळा माझ्या हप्त्यासाठी थांबला नव्हता. पावसानंतरचे नमुने आम्ही पदरमोड करून आधीच घेऊन ठेवले होते.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली. शनिवारी पहाटेच्या एसटीने त्या निघायच्या. बाटल्यांवर विहिरीचा क्रमांक मार्करने लिहिलेला, बाटल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत भरलेल्या. दुपारी प्रयोगशाळेत पन्नास मिलिलीटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, बफर घालायचं, एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट टाकली की पाणी द्राक्षासवासारखं लाल व्हायचं. मग ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं. लाल जाऊन निखळ निळं येतं तो थेंब पकडायचा. एका मुलीचा हात इतका बसला होता की तिची तीन वाचनं एकमेकांशी तंतोतंत जुळत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर ६००. एका वस्तीवरच्या विहिरीचा आकडा ६०० च्या पुढे गेला तेव्हा तिने ब्युरेट धुऊन सगळं पुन्हा केलं, आणि आकडा तोच आल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, “सर, आमच्या मावशी हेच पाणी पितात.”

त्या मुलींचं एसटीचं भाडं लेखापरीक्षणात नामंजूर झालं. प्रवासाचं शीर्ष होतं, पण ते प्रमुख संशोधकासाठी. प्रस्तावात विद्यार्थ्यांची नावं लिहायला रकानाच नव्हता. लेखा विभागातल्या माणसाची चूक नव्हती, त्याच्यापुढे नियम होता.

मला खटकतं ते इथे. राज्य विद्यापीठांत कायम शिक्षकांचा पगार मुख्यतः शासन देतं. अशा योजनांना लागणारा पैसा विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून निघतो. तो जमतो परीक्षा शुल्कातून, संलग्नीकरण शुल्कातून, ठेवींच्या व्याजातून. म्हणजे त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांच्याच खिशातला. तो परत त्यांच्यापर्यंत पोचला तर ती मेहेरबानी नाही.

विद्यार्थ्यांना संशोधन दाखवायला व्यासपीठ आहे. २००६ पासून ‘आविष्कार’ भरतं; महाविद्यालयातून विद्यापीठात, विद्यापीठातून राज्यस्तरावर पोस्टर घेऊन मुलं जातात. मी परीक्षक म्हणून उभा राहिलो आहे आणि डोळे दिपवणारं काम पाहिलं आहे. पण पोस्टरच्या आधीच्या आठ महिन्यांचा खर्च कुणाच्या शीर्षात बसतो? नव्या शैक्षणिक धोरणाने तर प्रश्न दारात आणून उभा केला आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. बारा श्रेयांकांचं काम विद्यार्थ्याने पदरमोडीवर करायचं का?

अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना उभी केली. तिथला विद्यार्थी प्राध्यापकासोबत काम करतो आणि त्याबद्दल त्याला श्रेयांक किंवा मानधन मिळू शकतं. तिथल्या तिजोरीशी आपली तुलना होणार नाही, पण विद्यार्थ्याच्या कामाची नोंद करायला तिजोरी लागत नाही, रकाना लागतो.

शिक्षकांच्या वाट्याबद्दल थोडंच सांगतो. परिषदेचं नोंदणी शुल्क आणि प्रवासभाडं यावरच बहुतेक योजना थांबतात. दोन दिवसांच्या परिषदेतून प्रमाणपत्र येतं. चांगल्या प्रयोगशाळेत महिनाभर राहिलं तर हात तयार होतो. आठवड्याला १६ तास शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकाला तो महिना मिळायचा तर त्याच्या तासिका घेणाऱ्याचं मानधन अनुदानात धरायला हवं. हा खर्च परदेशवारीपेक्षा कितीतरी कमी आहे.

दुसऱ्या वर्षी मी प्रस्तावात स्वतःच एक ओळ वाढवली : ‘विद्यार्थी सहायक – दोन, स्थानिक प्रवास – ४,००० रुपये.’ मुलाखतीत कुणी हरकत घेतली नाही. ती ओळ मंजूर झाली.

म्हणून या भागाच्या वाचकांना एक विनंती. तुम्ही प्राध्यापक असाल तर यंदाच्या प्रस्तावात ही ओळ लिहा. विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाच्या संशोधन समन्वयकांना विचारा की अनुदानाचं परिपत्रक कधी निघतं आणि त्यात आमचं नाव कुठे असतं. आणि विद्यापीठाच्या संशोधन मंडळावर असाल, तर मंजुरी मार्चपर्यंत उरका आणि पहिला हप्ता जूनच्या आत खात्यात घाला. पहिल्या पावसाआधी विहिरीवर जायचं असतं.